बदललेल्या इंजिनाचा ताळा
(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



लंडनच्या उत्तर भागातील एका घरामागच्या लहानशा गॅरेजात १९४८ साली एक तरुण जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीपासून नवी गाडी घडवीत होता. गॅरेज त्याच्या मालकीचे नव्हते. ते भावी सासुरवाडीचे होते. या तरुणाचे नाव कॉलिन चॅपमन. त्या वेळी तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. पुढे ‘लोटस’ या नावाने जगभर गाजलेल्या हलक्या स्पोर्ट्स मोटारींचा आरंभ त्या गॅरेजात झाला.

१९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ ग्राहकाला सुट्या भागांत घेता येत असे. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर त्या काळी खरेदी कर होता. भाग नेऊन घरी जुळवणाऱ्याला तो पडत नसे. त्यामुळे मोटारधंद्याशी काडीचा संबंध नसलेली माणसेही हाती पाने घेऊन उभी राहिली. सुरुवातीच्या सेव्हनमध्ये फोर्डचे ११७२ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे साधे इंजिन असे. पुढे त्याच घडणीच्या गाडीत कोव्हेंट्री क्लायमॅक्स, बीएमसी आणि फोर्ड यांची अधिक ताकदीची इंजिने बसली. या वंशाची एक शाखा महाराष्ट्रातही उगवली. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली आणि तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन दिले. उत्तरकाळातील अँबॅसडरमध्येही इसुझूचेच इंजिन होते.

हलक्या गाडीत दुसरे इंजिन बसवण्याचा मोह का होतो, हे साध्या भागाकाराने कळते. १९९६ साली आलेल्या ‘लोटस एलिस’चे वजन सुमारे ७२५ किलो आणि तिच्या १.८ लिटर रोव्हर इंजिनाची ताकद सुमारे ११८ अश्वशक्ती. म्हणजे टनामागे १६०च्या आसपास. ब्रिटनमधील अनेक हौशी लोक या गाडीत होंडाचे दोन लिटरचे, सुमारे २२० अश्वशक्तीचे इंजिन बसवतात. त्यामुळे वजन पन्नासेक किलोंनी वाढले असे धरले, तरी टनामागची ताकद २७५च्या पुढे जाते. कागदावरचे हे उत्तर मोठे मोहक आहे. परंतु गणिताच्या तासाला उत्तर आल्यावर गुरुजी विचारीत, “ताळा केलास का?” घरच्या गॅरेजात इंजिन बदलणाऱ्याला हाच प्रश्न पावलोपावली स्वतःला विचारावा लागतो.

पहिला ताळा जागेचा. एलिसचे इंजिन आसनांच्या मागे आडवे बसते आणि तिची चासी अ‍ॅल्युमिनियमचे भाग विशिष्ट चिकटद्रव्याने जोडून केलेली असते. तेथे वेल्डिंग केले, तर उष्णतेने तो सांधाच दुबळा होतो. म्हणून नव्या इंजिनाचे आधार वेगळे घडवून ते मूळच्या जागांवरच बोल्टने कसावे लागतात. इंजिन चेनब्लॉकला टांगून आत उतरवायचे, मोजायचे, बाहेर काढायचे, आधार सुधारायचे आणि पुन्हा उतरवायचे, असा हा क्रम असतो. शिवाय इंजिन रबरी आधारांवर डुलते. उभ्या गाडीत पुरेशी वाटणारी बोटभर फट धावत्या गाडीत पुरेलच असे नाही.

दुसरा ताळा ताकद चाकापर्यंत पोहोचवण्याचा. नव्या गिअरबॉक्सचा सांधा एका कंपनीचा, चाकाचा दुसऱ्या कंपनीचा; त्यांना जोडणारे ड्राइव्हशाफ्ट नव्याने करवून घ्यावे लागतात. ते लांब झाले तर चाक वरखाली होताना अडकतात, आखूड झाले तर सांध्यातून निसटू पाहतात. म्हणून चाक त्याच्या हालचालीच्या पूर्ण टप्प्यात, अगदी वरपासून अगदी खालपर्यंत, नेऊन प्रत्येक ठिकाणी माप घ्यावे लागते.

तिसरा ताळा उष्णतेचा. या गाडीचा रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे. पाण्याच्या नळ्या गाडीच्या लांबीभर जातात. त्यांत हवा कोंडून राहिली तर इंजिनातील पाणी फिरत नाही. तापमान मोजणारा सेन्सर नेमका त्या हवेत सापडला, तर काटा निर्धास्त जागी राहतो आणि आत धातू मात्र तापत जातो. काटा पाहून समाधान मानणाऱ्याचे इंजिन अशा वेळी हातचे जाते.

चौथा ताळा विजेचा. आजचे इंजिन त्याच्या संगणकाच्या आज्ञेशिवाय चालत नाही. गाडीची आणि इंजिनाची वायरिंग निराळ्या वंशाची असल्याने प्रत्येक तार मीटर लावून ओळखावी लागते आणि तिची नोंद वहीत करावी लागते. अशी वही नसेल, तर सहा महिन्यांनी बिघाड शोधणारा आपल्याच कामापुढे परका ठरतो.

पाचवा ताळा थांबण्याचा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे नववीच्या पुस्तकात असते. वेग ताशी ८०वरून १२० किलोमीटर झाला, म्हणजे दीडपट झाला, तर ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. मागच्या बाजूला वाढलेले वजन वळणावर गाडीचे शेपूट बाहेर फेकू पाहते, ते वेगळेच. इंजिनावर सारा खर्च करून ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन जुनेच ठेवणाऱ्याने अर्धेच गणित सोडवलेले असते.

या साऱ्यांच्या आधी एक नियम येतो: केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. गाडी भक्कम स्टँडवर टेकलेली हवी.

अखेर एका रात्री इंजिन सुरू होते. महिनोन्‌महिन्यांचे श्रम सार्थकी लागल्यासारखे वाटतात आणि तेव्हाच खरी कसोटी लागते. एखादा बोल्ट ठरावीक दाबाने आवळला होता की अंदाजाने, हे त्या क्षणी फक्त काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. एलिसमध्ये दोनच आसने आहेत. दुसऱ्या आसनावर पत्नी, मुलगा किंवा मित्र बसतो. त्याने यातले काहीही तपासलेले नसते; तो केवळ विश्वासाने बसतो. त्या विश्वासाला पात्र ठरण्यासाठी गाडी पुन्हा स्टँडवर चढवून सगळे सांधे नव्याने तपासणारा माणूस खरा कारागीर.

कायद्याची भूमिकाही विश्वासाचीच आहे. ब्रिटनमध्ये इंजिन बदलल्याची नोंद वाहन नोंदणी खात्याकडे करावी लागते. भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अधिक कडक आहे: नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्यामुळे येथे रस्त्यावरच्या गाडीवर असा प्रयोग करणे योग्य नव्हे.

परंतु हौसेला वाट आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांसाठी स्वतः घडवलेल्या सांगाड्यात मोटारसायकलचे इंजिन बसवतात, आणि तांत्रिक तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय त्यांची गाडी मैदानात उतरत नाही. घरातील मुलगा किंवा मुलगी जुनी सायकल, मिक्सर किंवा पंप उघडून बसली असेल, तर पालकांनी रागावण्याऐवजी एक वही हाती द्यावी: काय काढले, कोठून काढले, परत कसे बसवले, हे लिहिण्यासाठी.

साठ वर्षांत या शाळेच्या फळ्यावर असंख्य गणिते लिहिली गेली आणि पुसली गेली. उत्तरे विसरली गेली असतील. ताळा करण्याची सवय मात्र विद्यार्थ्यांसोबत जावी आणि पुढच्या पिढीच्या हातांतही उतरावी, हीच या हीरक महोत्सवी वर्षात शुभेच्छा.