जुनी पिकअप घेताय? मीटर नंतर, पाटे आधी बघा

आज विषय आहे जुनी पिकअप. सोयाबीनचे नाहीतर हळदीचे पैसे हातात आले, की आपल्या हिंगोली जिल्ह्यात गावोगाव एक तरी पोरगं म्हणतंच, "पिकअप घेतो अन् भाडं मारतो." आणि काम आहे हो, नाही असं नाही. हळद वसमतला नाहीतर हिंगोलीला, सोयाबीन मोंढ्यात, भाजीपाला नांदेडला, लग्नसराईत मंडपाचं सामान. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, म्हणून मग आठ-दहा वर्षांची जुनी शोधायची. त्यात वाईट काहीच नाही. फक्त बघायचं काय, ते माहीत पाहिजे.

बहुतेक जण पहिल्यांदा मीटर बघतात. "दादा, फक्त नव्वद हजार चालली." अरे, मीटर मागं फिरवता येतं. आणि खरं असलं तरी पिकअपला किलोमीटरपेक्षा वजन जास्त खातं. दोन लाख किलोमीटर दुधाचे कॅन वाहिलेली गाडी चांगली निघेल, आणि ऐंशी हजार किलोमीटर गिट्टी-वाळू वाहिलेली तुमचं दिवाळं काढेल. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हा विचारा, की गाडीत काय भरत होता? तो काय सांगेल ते सांगेल, गाडी खरं सांगते.

कसं? गाडीच्या मागं जाऊन खाली वाका. पाटे बघा. ते सपाट झालेत का, एखादा नवा कोरा अन् बाकीचे गंजलेले आहेत का, कंपनीच्या पाट्यांवर जादा पाटा चढवलाय का? जादा पाटा म्हणजे जादा वजन, सरळ हिशोब आहे. मग चेसिसवर मोबाईलचा टॉर्च मारा. पाटे जिथं बसतात तिथं आणि हौद्याच्या खालच्या बाजूला वेल्डिंग दिसलं, तर मी तरी तिथूनच परत फिरतो. इंजिन बांधता येतं, पण तडकलेली चेसिस म्हणजे रोजची भीती. फक्त तिथंच ताजा काळा रंग मारलेला असेल, तर तो नखानं खरवडून बघा. लाज वाटू देऊ नका, पैसे तुमचे आहेत.

इंजिन बघायला सकाळी जायचं, तेही न सांगता. आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं, तर तुम्ही येण्याआधी गाडी चालू करून ठेवली होती. थंड गाडी एका सेल्फमध्ये उठली पाहिजे. चालू असताना ऑईलचं झाकण उघडा. भकाभका धूर येत असेल, तर मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे रिंगा-पिस्टनचं काम आलं. सायलेन्सरचा निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पाण्याची टाकी थंड असतानाच उघडा, आणि त्यात तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटची शंका धरा.

आता मुख्य गोष्ट. रिकामी पिकअप सगळं लपवते. ट्रायल घ्यायची तर भरून घ्या, दहा-बारा क्विंटल टाकून, एखाद्या चढावर. क्लच सरकतोय का, दुसरा गिअर सुटतोय का, ब्रेक एका बाजूला ओढतोय का, सगळं तिथं कळतं. मालक "भरून नको" म्हणाला, तर समजून जा.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण खरा दणका इथंच बसतो. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसा आरसीवर फायनान्स कंपनीचा असतो. एचपी उतरलेली नसेल, तर तिथं कंपनीचं पत्र आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाका. विमा, पासिंग कधीपर्यंत आहे ते दिसतं. चलन किती थकलंय तेही बघा. पिकअप मालवाहतुकीची गाडी, म्हणून आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग आणि त्यानंतर दर वर्षी. पासिंग संपलेली गाडी स्वस्त मिळते, पण ती का संपलीय ते आधी विचारा. तेलंगणातली गाडी असेल, तर तिथली एनओसी लागते.

आणि नाव. सही केलेले टीटी फॉर्म घेऊन गाडी फिरवणारे लई जण आहेत. "नावावर करू निवांत," म्हणतात. कायद्यात राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ साली सुप्रीम कोर्टात नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हे प्रकरण झालं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडं, तिथून पुढं अशी हातोहात विकली गेली, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला, तेव्हा कोर्टानं सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून तुमच्या घरची जुनी गाडी विकत असाल, तर तुम्हीच मागं लागून नाव बदलून घ्या. घेणाऱ्याचंही नुकसान आहेच. नाव जुन्या मालकाचं, तर गाडी चोरीला गेल्यावर विम्यावर हक्क सांगताना घाम फुटतो.

लायसन्सचं एक सांगून टाकतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं स्पष्ट केलं, की एलएमव्ही लायसन्सवर साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी चालवता येते. म्हणजे आपली पिकअप त्यात बसते. आणि एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल, तर मालवाहतुकीचा परमिटही लागत नाही. छोटा हत्ती त्यात आरामात बसतो. पिकअपची काही मॉडेल त्याच्या वर जातात, म्हणून आरसी वाचा.

आरसीवर दोन वजनं असतात, भरलेलं आणि रिकामं. वजाबाकी केली की तुमचा माल किती, ते कळतं. पंधरा क्विंटलच्या गाडीत पंचवीस क्विंटल हळद भरणारे आहेत, आणि "सगळेच भरतात" हे उत्तरही ठरलेलं. पण कलम १९४ मध्ये जादा भाराला २० हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एका खेपेत तेवढं सुटतं का, तुम्हीच मोजा.

घेतल्यावर लगेच भाडं मारायला पळू नका. मी म्हणतो, किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करा. पहिल्या आठवड्यात ऑईल, तिन्ही फिल्टर, ब्रेक ऑईल, गिअर आणि हौसिंगचं ऑईल, कूलंट, सगळं नवं. जुन्या मालकानं "परवाच बदललं" म्हटलं तरी. चाकांचे हब उघडून ग्रीस भरा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतकं जुनं रबर आपल्या मेच्या उन्हात भरल्या गाडीखाली फुटतं.

शेतरस्त्याची धूळ एअर फिल्टर लवकर भरते, म्हणून हळदीच्या दिवसांत तो दर आठवड्याला उघडून झटका. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत जा, आणि काळ्या मातीतून आल्यावर पाट्यांमधला चिखल धुवा, नाहीतर तो तिथंच सुकून लोखंड खातो. टर्बोवाली गाडी लांबून आली, की बंद करण्याआधी मिनिटभर रिकामी चालू ठेवा.

पुढच्या भागात विम्यावर बोलू. पिकअप घ्यायच्या विचारात असाल, तर तिच्या आरसीवरची दोन्ही वजनं मला मेसेज करा, आपण वजाबाकी मिळून करू.