जबाब कोणाला, जबाब कशाचा?



आजचा विषय व्याकरणाचा वाटेल. परंतु त्याचा संबंध आपल्या घरादाराशी आहे. जबाबदारी सांगणारे इंग्रजी शब्दप्रयोग आपण परीक्षेसाठी पाठ करतो. सही करताना मात्र तेच वाचत नाही.

प्रथम शब्दच पाहा. ‘जबाबदार’ हा मराठीला फारसीने दिलेला शब्द. त्यातील ‘जवाब’ मूळ अरबी, ‘दार’ फारसी. ‘उत्तरदायी’ संस्कृत. इंग्रजी ‘रिस्पॉन्सिबल’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही उत्तर देणे हाच. विचारले असता ज्याला उत्तर द्यावे लागते, तो जबाबदार.

मग दोन प्रश्न उरतात. उत्तर कोणाला आणि कशाबद्दल? इंग्रजीत हे काम लहान शब्द करतात. ‘रिस्पॉन्सिबल टू’ म्हणजे कोणाला. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे कशाबद्दल. राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे, असे राज्यघटनेचे १६४ वे कलम सांगते. तेथे ‘टू’ आहे.

विद्यार्थ्यांनी आणखी तीन जोड्या ध्यानात ठेवाव्यात. ‘ब्लेम’पुढे ‘फॉर’, ‘अ‍ॅक्यूज’पुढे ‘ऑफ’, ‘चार्ज’पुढे ‘विथ’. तसेच ‘अ‍ॅक्यूज्ड’ म्हणजे आरोपी, गुन्हेगार नव्हे. ‘हेल्ड रिस्पॉन्सिबल’ म्हणजे जबाबदार धरलेला. कोणी धरले आणि कशाच्या आधारावर, हे त्या दोन शब्दांत नसते. ते आपण विचारायचे असते.

लोणावळ्याला पर्यटकांची वर्दळ. हॉटेलांच्या आवारात ‘पार्किंग अ‍ॅट ओनर्स रिस्क’ अशा पाट्या आढळतात. म्हणजे गाडीचे काही झाल्यास आम्हांला विचारू नका. पण पाटी लावली की जबाबदारी संपली, असे नाही. १९९८ साली दिल्लीच्या एका हॉटेलातून ग्राहकाची गाडी चोरीस गेली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली असेल आणि हॉटेलचा निष्काळजीपणा असेल, तर असल्या अटीआड त्याला लपता येणार नाही. मावळातील जी मुले उद्या हॉटेलच्या धंद्यात शिरतील, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता पालकांसाठी. कोणी शेजारी किंवा नातेवाईक कर्जाचा कागद घेऊन येतो. ‘नुसती सही हवी,’ म्हणतो. कागदात ‘जॉइंटली अँड सेव्हरली लायेबल’ हे शब्द असतात. त्यांचा अर्थ, सर्वांनी मिळून जबाबदार आणि प्रत्येकजण एकेकटाही पूर्ण रकमेस जबाबदार. चौघांनी सह्या केल्या म्हणून आपला वाटा चौथाई, हा समज चुकीचा. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलमही हेच बजावते. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कर्जदाराकडेच गेले पाहिजे, असेही बंधन नाही.

याचा अर्थ कोणास जामीन राहू नये, असा नव्हे. एकमेकांच्या आधारानेच आपली मुले शिकली. पण कागद घरी आणा, शिकणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. समजेल त्यावर सही करा. न समजेल तेथे बँकेत जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. उद्या आपल्याला जबाब द्यावा लागणार असेल, तर आज जबाब मागण्याचा हक्कही आपलाच आहे.