जुन्या गाडीत नवे इंजिन

काही महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या आजोबांची जुनी पेट्रोल जीप बरीच वर्षे गोठ्याशेजारी उभी आहे. अपघातात मोडलेल्या एका नव्या पिकअप मालमोटारीचे डिझेल इंजिन त्याला स्वस्तात मिळत होते. ते या जीपमध्ये बसवायचे, असा त्याचा बेत. "सर, सांगाडा मजबूत आहे. इंजिन बसले की दुप्पट पळेल बघा," तो म्हणाला.

मी काही यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. मी इतिहास शिकवतो. पण त्याचे बोलणे ऐकले आणि मला आमच्या मामांची अँबॅसिडर आठवली. आज तिचीच गोष्ट सांगणार आहे.

१९९५ सालची गोष्ट. मी तेव्हा शाळेत होतो. मामा राहुरीजवळ राहत. त्यांची अँबॅसिडर पेट्रोलवर चाले. त्या काळी डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त. साहजिकच मामांनी एका मिस्त्रीकडून तिच्यात छोट्या मालमोटारीचे डिझेल इंजिन बसवून घेतले. त्यात नवल काहीच नव्हते. आपल्या जिल्ह्यात तेव्हा अशा कितीतरी गाड्या होत्या. गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. आवाज ट्रकचा, रूप अँबॅसिडरचे! मामांनी नारळ फोडला, पेढे वाटले.

आठवडा गेला. उसाचा हंगाम होता. मनमाड रस्त्याने मामा संध्याकाळी घरी परत येत होते. मी शेजारी बसलो होतो. पुढे उसाची बैलगाडी दिसली. मामांनी ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली घातले, एका बाजूला ओढली गेली आणि बैलगाडीच्या बाजूने घासत जाऊन थांबली. आम्हाला खरचटलेसुद्धा नाही. पण उजव्या अंगाच्या बैलाचा पाय मोडला. गाडीवान पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार. तो ओरडला नाही की भांडला नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून तो एवढेच म्हणाला, "बैल गेला म्हणजे माझा हंगाम गेला, आप्पा."

विम्याच्या कचेरीत कागद गेले तेव्हा पहिलाच प्रश्न आला : आर.सी. बुकात पेट्रोल लिहिले आहे, मग बॉनेटखाली डिझेल कसे? कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. मामांनी त्यांची वाट पाहिली नाही. पदरचे पैसे घालून त्या माणसाला बैल घेऊन दिला. पुढे किती तरी वर्षे ते म्हणत, "बैल नवा जुंपला, पण वेसण जुनीच ठेवली. चूक माझी."

श्रोतेहो, मामांचे हे वाक्य म्हणजे माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे. आता त्यातले 'का' आणि 'कसे' पाहू.

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवाच इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेने इंधन पेट घेते. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण सात-आठ पटींनी दाबली जाई. त्या काळच्या छोट्या डिझेल इंजिनात वीस पटींच्या आसपास. एवढा दाब सोसायचा तर लोखंड जाड हवे. म्हणून डिझेल इंजिन वजनाला भारी आणि हादरेही जास्त. हे वजन येते कुठे? गाडीच्या नाकावर. पुढच्या चाकांचे सस्पेन्शन जुन्या, हलक्या इंजिनाच्या हिशेबाने केलेले असते. ते दबते, स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेक मारताच गाडी पुढे झुकते.

बरे, तेवढ्याने भागत नाही. डिझेल इंजिन संथ फिरते, पण त्याची ओढ मोठी. ती ओढ क्लचप्लेट, गियरपेटी आणि मागचा आस यांतून चाकापर्यंत जाते. हे भाग हलक्या ओढीसाठी बनवलेले असले, तर कोठेतरी दाता तुटतो, नाही तर क्लच जळतो. रेडिएटर लहान पडतो. सेल्फ मारायला मोठी बॅटरी लागते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. पेट्रोल इंजिन हवा ओढून घेताना जी पोकळी निर्माण करते, तिच्या जोरावर अनेक गाड्यांच्या ब्रेकला मदत मिळते. डिझेल इंजिनात ती तशी मिळत नाही. तिच्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो. तो विसरला, तर पाय दुखेपर्यंत दाबूनही ब्रेक नीट लागत नाही.

आणि आजचे इंजिन? ते नुसते लोखंड राहिलेले नाही. त्याला किती डिझेल केव्हा द्यायचे, हे एक छोटा संगणक ठरवतो. तारांचे जाळे, उष्णता व दाब मोजणारी साधने, किल्ली ओळखणारी यंत्रणा, हे सारे त्याच्याबरोबर आले तरच ते चालते. एप्रिल २०२० पासून भारत-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. तेव्हापासून धूर स्वच्छ करणारी सामग्रीही त्याला जोडलेली असते. म्हणजे भंगारातून धड आणले आणि डोके तिथेच राहिले, असे व्हायचे!

आपण म्हणाल, मग कंपन्यांनी हे कसे केले? केले आहे, आणि चांगले केले आहे. महिंद्राची जीप मूळची पेट्रोलची. कंपनीने पुढे तिच्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन बसवले आणि त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजोच्या आराखड्याचे. अँबॅसिडरमध्ये इसुझू या जपानी कंपनीचे जोरकस इंजिन आले, तेव्हा त्याच्याबरोबर पाच गियरची नवी पेटीही आली. १९९१ साली पुण्यात टाटांनी सिएरा ही मोटार काढली. तिचे डिझेल इंजिन पिकअप मालमोटारीचेच. पण त्याच्याबरोबर पिकअपचा सांगाडाही घेतला होता. नवरीमुलगी आली ती आपला संसार बरोबर घेऊन आली, असे म्हणा ना!

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच गावात आहे. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या सवयीने मी ज्याला नगरच म्हणतो तेथे, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मी विद्यार्थ्यांना तेथे नेतो. तेथे ब्रिटिशांचा मॅटिल्डा रणगाडा आहे. वजन सुमारे सत्तावीस टन, आणि आत बसगाडीच्या जातीची दोन डिझेल इंजिने जोडून बसवलेली. दोन्ही मिळून जेमतेम पावणेदोनशे अश्वशक्ती. करणाऱ्यांनी त्याच्याकडून धावण्याची अपेक्षाच ठेवली नाही. रस्त्यावर तो ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपासच जाई.

दुसरा सेंच्युरियन. १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला आपल्या सैन्याने हाच रणगाडा वापरला होता. त्याचे मिटिऑर इंजिन म्हणजे लढाऊ विमानांत बसवल्या जाणाऱ्या मर्लिन इंजिनाचे भावंड. विमानात ते हजार अश्वशक्तींहून अधिक जोर देई. रणगाड्यात बसवताना अभियंत्यांनी काय केले असेल? त्याला हवा दाबून भरणारे साधनच काढून टाकले आणि सुमारे साडेसहाशे अश्वशक्तींवर आणून ठेवले. युद्धाचा काळ, जास्त जोर कोणाला नको असतो? तरी त्यांनी तो मुद्दाम कमी केला. अंगाला किती पेलेल हे त्यांनी आधी पाहिले आणि मग इंजिनाला वेसण घातली. आपण नेमके उलटे करतो.

येथे माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गतिज ऊर्जेचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा चालक ब्रेकवर पाय नेईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. ८० च्या वेगात २२ मीटर. आणि त्यानंतर ब्रेकने जिरवायची ऊर्जा चौपट. मुलांना हे सायकलवर दाखवता येते. मैदानात रिकामी सायकल थांबवा, मग मागे दहा किलो बाजरीची पिशवी बांधून थांबवा, मग वेग थोडा वाढवून थांबवा. खडूने खुणा करा. फळ्यावरचे सूत्र मुले विसरतील, मैदानावरच्या खुणा विसरणार नाहीत.

आता कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. गॅससाठी किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवायला वाट आहे. जुन्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे इंजिन परवानगीने बसवायलाही वाट आहे. मात्र आधी आर.टी.ओ., नंतर मिस्त्री, हा क्रम सोडू नये. हा कागदी त्रास आहे, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. पण त्या कागदामागे, तुमच्या गाडीसमोर येणाऱ्या परक्या माणसाचा विचार आहे. त्याने तुमचे इंजिन पाहिलेले नसते. तुमची गाडी थांबेल, एवढाच त्याचा भरवसा असतो.

आपल्या गावोगावच्या मिस्त्रींना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. कोणतेही पुस्तक न उघडता, नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे हात त्यांच्यात आहेत. म्हणूनच माझे सांगणे असे, की गिऱ्हाईक "इंजिन बसेल का?" असे विचारू लागले, तर मिस्त्रीने त्याला उलट विचारावे, "बसेल. पण थांबेल का?"

तो विद्यार्थी शेवटी काय करता झाला, हे ऐकायची तुम्हाला उत्सुकता असेल. मी त्याला मामांची गोष्ट सांगितली आणि संग्रहालयात सेंच्युरियनपुढे उभे केले. तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने जीपचे जुनेच इंजिन उतरवले, बोअरिंग करून घेतले, नवे पिस्टन टाकले, आणि उरलेल्या पैशांत चारी चाकांचे ब्रेक नवे केले. जीप दुप्पट पळत नाही. आजोबा पुढच्या बाकावर बसतात आणि ती बेताने शेतावर जाऊन येते.

परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, रस्त्यात बैलगाडी दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो."