किती फील्ड चालू आहेत?

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटरचा क्लास घेऊ नकोस." म्हणून आपण सगळ्यांनी लहानपणी अंगावर घेतलेला विषय निवडलाय. राख.

दोरीवरचा युनिफॉर्म झटकून मगच घडी घालायची, गच्चीवर पापड घालण्याआधी चिमणीचा धूर कुठे वळलाय ते बघायचं, हे आपल्या गावात कुणाला शिकवावं लागलं नाही. आज मी ज्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्याचं काम ही राख चिमणीत शिरण्याआधी पकडणं हेच आहे. औष्णिक केंद्रात त्याला ईएसपी म्हणतात.

सरांनी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले होते, ते आठवत असेल. तत्त्व तेच, आकार मात्र चार मजली इमारतीएवढा. आत उंच लोखंडी पत्र्यांच्या रांगा असतात. दोन पत्र्यांत साधारण ४० सेंटिमीटर अंतर आणि मधोमध तारा. तारांना उणे ५० ते ८० हजार व्होल्ट द्यायचे. दोन गुळगुळीत पत्र्यांमधली कोरडी हवा सेंटिमीटरला ३० हजार व्होल्टच्या आसपास फुटते, म्हणजे ठिणगी पडते. आपल्या ईएसपीत तार ते पत्रा सरासरी काढली तर सेंटिमीटरला तीन-चार हजारच व्होल्ट पडतात. पण तार बारीक असल्यामुळे तिच्या अगदी जवळ विद्युत क्षेत्र कितीतरी तीव्र होतं. तिथली हवा फुटते, अंधारात निळसर उजेड दिसतो. तिथून सुटलेला भार राखेच्या कणांवर बसतो, कण पत्र्याकडे ओढले जातात आणि हातोड्यांच्या ठोक्यांनी खाली हॉपरमध्ये पडतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रेडरिक कॉट्रेल या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याला राख नाही, आम्लाचं धुकं पकडायचं होतं.

आता माझं काम. क्षेत्र जितकं तीव्र, तितकी राख जास्त पकडली जाते. पण फार ताणलं की ठिणगी पडते, व्होल्टेज कोसळतं आणि तेवढा वेळ राख सरळ पुढे निघून जाते. ही मर्यादा आधी मोजून ठेवता येत नाही. गरम, धुळीने भरलेल्या वायूत ती दर मिनिटाला सरकते. कोळसा बदलला, ओल बदलली, बॉयलरवरचा भार बदलला की ती बदललीच. शिवाय इतकं व्होल्टेज थेट मीटरला जोडता येत नाही. रोधकांची लांब माळ लावून त्याचा अगदी छोटा अंश बाहेर काढायचा आणि त्यावरून मूळ आकडा काढायचा. मग सॉफ्टवेअर व्होल्टेज हळूहळू चढवतं. ठिणगी पडली की पुढच्या अर्ध्या आवर्तनात, म्हणजे १० मिलिसेकंदांत, पुरवठा तोडतं, क्षणभर थांबतं, मग किंचित खालून पुन्हा चढायला लागतं. मिनिटाला मोजक्या ठिणग्या पडल्याच पाहिजेत. एकही पडत नसेल तर आपण भीत भीत चालवतोय असं समजायचं. (आपल्या गणिताच्या बाईंचा पेपर असाच असायचा. सगळे पास झाले की त्यांना तो सोपा वाटायचा.)

खरी डोकेदुखी आपल्या कोळशाची आहे. त्यात राख ३० ते ४५ टक्के आणि गंधक कमी. कमी गंधक ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळे राख विजेला फार विरोध करते. पत्र्यावरच्या राखेच्या थरातच क्षेत्र इतकं साचतं की तो थर आतून फुटतो आणि उलटा भार वायूत फेकतो. पकडलेली राख पुन्हा सुटते. पॅनेलवर मात्र करंट भरपूर दिसतो, सगळं जोरात चाललंय असं वाटतं. एका केंद्रात (आपल्या नाही, आणि नावही घेणार नाही) यावरून रात्रभर वाद झाला. तिथले साहेब म्हणत, "मॅडम, करंट वाढवा." आम्ही म्हणत होतो कमी करा, एक ठोका द्या आणि चार सोडा. शेवटी पहाटे एका भागावर करून पाहिलं. वीज कमी लागली आणि चिमणीवरचा मापक खाली आला. साहेबांनी काही न बोलता चहा मागवला.

एवढं कशासाठी? ढोबळ हिशेब करू. २१० मेगावॉटचा संच दिवसाला सुमारे साडेतीन हजार टन कोळसा जाळतो. ४० टक्के राख धरली तर १४०० टन. त्यातली सुमारे ११०० टन धुराबरोबर उडते. ९९ टक्के पकडली तर रोज ११ टन गावावर येते आणि ९९.९ टक्के पकडली तर एक टनाच्या थोडी वर. गुणपत्रिकेत ज्या फरकाकडे कुणी बघणार नाही, तो इथे दहापट आहे. त्यातले सर्वांत बारीक कण, जे पकडायला अवघड, तेच फुप्फुसात खोल जातात. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने संचाच्या वयानुसार घनमीटरला १००, ५० आणि ३० मिलिग्रॅम अशा मर्यादा घातल्या आहेत. जुन्या संचांना सर्वांत सैल.

आपल्यातले काही जण आज त्याच केंद्रात आहेत, दोघं-तिघं नगरपालिकेत. तुमच्याकडे एक मागणं आहे. ईएसपीच्या एकामागे एक असलेल्या भागांना तिथे 'फील्ड' म्हणतात. तार तुटली किंवा हॉपर तुंबला की एखादं फील्ड बंद पडतं, पण वीजनिर्मिती थांबत नाही, त्यामुळे दुरुस्ती पुढच्या शटडाउनपर्यंत लांबते. चिमणीवरच्या मापकाचा एक आकडा बघून थांबू नका. कुठल्या संचाची किती फील्ड चालू आहेत आणि बंद आहेत ती कधीपासून, हे तारखेसकट लिहून मागा. हे आकडे कंट्रोल रूमच्या पडद्यावर असतात, आणि ते वाचून बघायला मी कधीही येईन.