शास्त्र वाचायला गावात चला



 या परिषदेसाठी बुलढाण्याला येताना तुमच्यापैकी कोणी मलकापूरला गाडीतून उतरून राजूरचा घाट चढलात, कोणी खामगावाहून बोथ्याच्या जंगलातून आलात. जिजाऊंचे सिंदखेडराजा, लोणारचे सरोवर आणि शेगाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे पाहुण्याला काही कमी पडू नये अशी आमची धडपड आहे. तरी उणीव दिसलीच, तर हक्काने सांगा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अलायन्स मिशनने वऱ्हाडात काम सुरू केले. अकोला, खामगाव, बुलढाणा ही त्यांची ठाणी. १८९९-१९०० च्या दुष्काळात हा प्रांत होरपळला, तेव्हा मिशनने पोरक्या लेकरांना आसरा दिला. आमच्या मंडळ्यांची मुळे त्या काळात आहेत. सुवार्तेसाठी प्रवास केलेल्या माणसांचे ऋण आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच आज एक गोष्ट आग्रहाने मांडतो: सेवादौऱ्यावर निघालेला माणूस वचन घेऊन जातो हे खरे, पण त्या वचनाचा अर्थ त्याला पुष्कळदा तिकडे गेल्यावर कळतो.

पेत्राचेच पाहा. चादरीचा दृष्टान्त त्याला यापोत झाला आणि तो गोंधळात पडला. पुढे तो कैसरियाला गेला, कर्नेल्याच्या घराचा उंबरा ओलांडला, तेव्हा कुठे देव पक्षपाती नाही हे त्याला उमगले. तो घरीच बसला असता, तर दृष्टान्त कोडेच राहिला असता.

आपल्या मराठी मंडळीत याचे सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. लहानपणी आईवडिलांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा करत देश पायी पालथा घातला होता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनीसंघाकडे राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधले आपले काम दाखवायला नेले. समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांना तिथे आधार मिळत होता, आणि त्यांतल्याच काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. ही माणसे या बायकांची एवढी काळजी का घेतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. समोर त्या स्त्रिया आणि कानावर ते वचन! पुढे केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी मूळ भाषांवरून अवघे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. त्या भाषांतरामागे विद्वत्ता होती, तशी ही पायपीटही होती, असे मला मनापासून वाटते.

शोमरोनी स्त्रीची तीच गोष्ट आता आमच्या खारपाणपट्ट्यात ऐका. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतल्या पूर्णाकाठच्या कितीतरी गावांत विहिरीला पाणी असून तोंडात घेववत नाही. गोड्या पाण्यासाठी बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या आहेत. मूत्रपिंडाच्या आजाराने घरे खचली आहेत. तिथल्या एका गृहप्रार्थनेत योहानाचा हाच चौथा अध्याय वाचला गेला. मला पुन्हा इथे पाणी भरायला यावे लागू नये असे पाणी द्या, असे ती शोमरोनी बाई म्हणते, तिथे दाराशी बसलेली एक मावशी बोलली, “ते बाई थकली असंन हो. तिले खरंच पानी पाह्यजे होतं.” आम्ही शिकलेली माणसे त्या बाईला आत्मिक गोष्टी न समजणारी म्हणून वर्षानुवर्षे झटकन पुढे जातो. मावशी त्या ओळीपाशी थांबली, आणि येशू स्वतः तहानलेला, दमलेला त्या विहिरीवर बसला होता, हे आम्हां सगळ्यांना नव्याने दिसले.

कापूस वेचून कंबर मोडलेल्या बाईसमोर रूथचा दुसरा अध्याय वाचा. भर उन्हात सरवा वेचणाऱ्या परक्या मुलीशी कोणी दांडगाई करू नये, अशी ताकीद बवाज आपल्या गड्यांना का देतो, हे ती तुम्हांला समजावून सांगेल. सकाळी चौकात कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या मजुराला द्राक्षमळ्याचा दाखला विचारा. दिवस कलेपर्यंत कोणी न बोलावलेल्या माणसाच्या पोटात काय कालवते, हे त्याला माहीत असते.

म्हणून मला घाईचे दौरे मान्य नाहीत. सकाळी गाडीतून उतरायचे, खाऊ वाटायचा, फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे, यात ना गावाचे भले होते, ना शास्त्र कळते. येशूने बहात्तर जणांना पाठवले ते झोळी न देता, आणि ज्या घरी उतराल तिथे पुढे येईल ते खा असे सांगून. यजमानाच्या ताटावर बसणाऱ्याला ऐकून घ्यावे लागते.

उद्या दुपारनंतर आपण गटागटाने गावांतल्या मंडळ्यांकडे निघणार आहोत. मुक्काम घरोघरी आहे. जेवायला ज्वारीची भाकरी आणि ठेचा असेल. रात्रीच्या प्रार्थनेत वचन घरच्यांना वाचू द्या, पहिले बोलणेही त्यांचेच होऊ द्या. प्रश्न विचारायचे असतील ते तुम्ही विचारा. गाड्यांची यादी दाराशी लावली आहे. ज्येष्ठांसाठी बुलढाण्यातल्याच घरी सोय केली आहे. स्वागत समितीच्या वतीने अध्यक्षांना परिषदेचे काम सुरू करण्याची विनंती करतो.