निर्मळ हवेची मोजणी

सकाळी खिडकीच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ नाचताना इंदूरच्या प्रत्येक घरात दिसते. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत दिसते, तशी नव्या वसाहतींतही दिसते. हे शहर २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सतत अग्रभागी राहिले आहे. २०२३ मध्ये स्वच्छ हवेच्या सर्वेक्षणातही, दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत, त्याला पहिला क्रमांक मिळाला. नागरिकांना याचा अभिमान वाटावा, यात वावगे काही नाही. परंतु स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, हा प्रश्न मागे उरतोच. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, असे भारताने २००९ साली ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तीच मर्यादा ५ वर आणली. या मर्यादा मनुष्याने आपल्या प्रकृतीकडे व सोयीकडे पाहून घातलेल्या आहेत. मनुष्याची चूल, गिरणी आणि मोटार नसती तर हवेत किती कण असते, हे त्या सांगत नाहीत.

ते जाणण्यासाठी पृथ्वीच्या टोकाकडेच जावे लागते. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली तुकडी डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९८९ मध्ये शिर्माखर टेकड्यांच्या खडकाळ, बर्फविरहित भूमीवर ‘मैत्री’ हे ठाणे उभे राहिले. तेथे १० जानेवारी ते २४ फेब्रुवारी १९९७ या अवधीत हवेतील तरंगत्या कणांची मोजणी झाली. तिचे निष्कर्ष पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील देशपांडे व कामरा यांनी प्रसिद्ध केले.

अशा ठिकाणी हवा अगदी रिकामी असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात साखरेच्या एका चौकोनी वडीएवढ्या जागेत, म्हणजे एका घनसेंटिमीटरमध्ये, साधारणतः ८०० ते १२०० कण आढळले. मोठ्या शहरात हीच संख्या दहा हजारांच्या पुढे सहज जाते. मैत्रीवरील पुष्कळसे कण इतके बारीक होते की, एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा एक कण भरावा. कवडशात दिसणारी धूळ यांच्यापुढे पर्वतप्राय म्हणावी लागेल.

मग हे कण आले कोठून? हवा शांत असली की त्यांचे प्रमाण तासन्‌तास, कधी कित्येक दिवस, जवळजवळ तसेच राही. कमी दाबाचे वादळ ठाण्यावरून गेले की मात्र संख्या सुमारे दसपट होई. वादळाने हवा धुऊन निघावी ही आपली मोसमी देशातील समजूत. तेथे उलटाच प्रकार दिसला. शास्त्रज्ञांचा तर्क असा की, याचे मूळ समुद्रात आहे. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा गंधकयुक्त वायू निघतो. सूर्यप्रकाशात त्याचे रूपांतर होत होत गंधकाम्लाची वाफ बनते व तिच्यातून नवे कण जन्मास येतात. समुद्रावरून किंवा बर्फ वितळणाऱ्या भागावरून आलेला वारा हा माल ठाण्यापर्यंत पोहोचवितो. म्हणजे ज्या हवेत कारखान्याचा धूर नाही, तीही स्वतःची धूळ स्वतःच निर्माण करते.

या धुळीवाचून पाऊसही नाही. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच दाखवून दिले होते की, बाष्पाला धरून बसण्यास कण लागतो, तेव्हाच धुक्याचा वा ढगाचा थेंब तयार होतो. आधीच कणांनी भरलेल्या हवेत आणखी थोडे कण पडले तर ढगांना त्याचे फारसे वाटत नाही. निर्मळ हवेत मात्र मूठभर कणांनीही ढगाची शुभ्रता बदलते. शुभ्र ढग ऊन परतवितो. तेव्हा मनुष्याच्या धुराने पृथ्वीची उष्णता किती झाकून ठेवली आहे, याचा हिशेब मांडावयाचा तर धुरापूर्वीची मूळ शिल्लक ठाऊक हवी. अडीचशे वर्षांपूर्वीची हवा कोणी कुपीत भरून, कण मोजून ठेवलेली नाही. तिच्या जवळात जवळची हवा आज दक्षिणेकडील या प्रदेशातच सापडते.

मात्र मोजणाराच तेथे धूर करतो, ही मोठी अडचण! ठाण्यावर वीज डिझेलच्या जनित्रांनी होते, वाहने चालतात, स्वयंपाक होतो. म्हणून उपकरण वारा येतो त्या बाजूस ठेवावे लागते आणि वारा फिरला तर त्या वेळेचे आकडे बाजूला काढावे लागतात. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकन ठाण्यात तर वाऱ्याच्या दिशेचा एक मोठा टापूच राखून ठेवला आहे. त्यात वाहनांना मज्जाव असतो.

उत्तर ध्रुवाकडे ही सोय नाही. भारताचे ‘हिमाद्री’ ठाणे २००८ पासून तेथे, स्वालबार बेटांवर आहे. पण हिवाळ्यात व वसंताच्या सुरुवातीस युरोप व रशियाकडील धूर त्या आकाशात साचतो व तपकिरी झाक आलेले धुके दिसते. दक्षिण टोकही अगदी अस्पर्श राहिलेले नाही. तेथील बर्फाच्या थरांचे पृथक्करण करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की, ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या खनिजातील शिसे १८८९ च्या सुमारास त्या बर्फावर पोहोचले होते. आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो डिसेंबर १९११ मध्ये.