फ्लू, पदर आणि साबणाची वडी

(रेडिओवर झालेलं भाषण)

पावसाने जोर धरला की घरोघरी खोकल्याचे आवाज सुरू होतात. आपल्या महाराष्ट्रात फ्लूची लाट बहुतेक करून जुलै ते सप्टेंबर या काळात येते, आणि थंडीत पुन्हा थोडी डोकं वर काढते. म्हणून आज फ्लूबद्दल बोलू या.

बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढला की बायांचे तीन तट पडतात. तुमच्या गटातही पडत असतील.

पहिल्या म्हणतात, "आम्ही शेणामातीत वाढलो. आम्हाला काही होत नाही. हे शहरातल्या नाजूक माणसांचे आजार." यातली एक गोष्ट खरी आहे. अंगाला माती लागली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण फ्लू मातीतून येत नाही, तो माणसाकडून माणसाकडे येतो. खोकताना, शिंकताना, जवळ बसून बोलताना जे बारीक तुषार उडतात, त्यांतून येतो. शिवाय हा विषाणू सारखं रूप बदलतो. म्हणून मागच्या वर्षी फ्लू होऊन गेला असला, तरी यंदा होणार नाही असं नाही.

१९१८ सालची साथ आठवा. जुनी माणसं तिला मानमोडी म्हणायची. त्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. ती काही नाजूक शहरी माणसं नव्हती. शेतात राबणारी, ऐन उमेदीतली माणसं त्यात होती. आणि आपण ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की त्या साथीत आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, पोटाला नीट मिळत नव्हतं. घरातल्या आजाऱ्याची सेवा बाईने करायची आणि जेवायचं मात्र शेवटी, हे तेव्हाही होतंच. अभ्यासकांनी बायकांच्या जास्त मृत्यूंची हीच कारणं सांगितली आहेत.

दुसऱ्या तटातल्या बाया भितात. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने पहिला बळी घेतला, शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले. पुढे करोना आला. तेव्हापासून काही घरांत फिनेल आणि सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या. काळजी घेणं चांगलंच आहे. पण फरशी तीनदा पुसायची आणि खोकणाऱ्या पोराला तान्ह्या बाळाशेजारी निजवायचं, याचा काय उपयोग? भीती वाढली की माणूस आणखी एक करतो, आजारी बाईला वाळीत टाकल्यासारखं वागवतो. तिला चार दिवस वेगळं निजवणं ही काळजी झाली. तिच्या दाराशी ताट सरकवून तोंड फिरवणं ही काळजी नव्हे.

तिसरा तट सोवळ्याचा. पहाटे आंघोळ, देवघर लख्ख, पाण्याच्या हंड्याला भलत्याने हात लावायचा नाही. रोज धुण्यापुसण्याची सवय फार मोलाची आहे. पण सोवळ्यात प्रश्न असतो, हात कुणाचा? आजाराला विचारायचा प्रश्न वेगळा आहे, हात धुतलेला आहे का? आंघोळ करून आलेल्या बाईने हातावर शिंकून तोच हात पिठात घातला, तर सोवळं काही तो विषाणू अडवत नाही. आणि पाळी आलेल्या पोरीने साबणाने हात धुतले असतील, तर तिने दिलेल्या पाण्याने कुणालाही काही होत नाही. विषाणू जात विचारत नाही आणि पाळीही विचारत नाही.

मग करायचं काय? फार थोडं, पण रोज.

पहिलं, पदर. आपण पदरात खोकतो. त्याच पदराने बाळाचं नाक पुसतो, हात पुसतो, तव्यावरची भाकरी उचलतो. खोकला असेल त्या दिवसांत खोकताना कोपराच्या घडीत तोंड धरा, किंवा जुन्या लुगड्याचे वेगळे तुकडे करून ठेवा आणि रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवा. बाळाला पाजणारी आई आजारी असेल तर पाजणं बंद करू नका. हात धुवायचे, नाकातोंडाला फडकं बांधायचं आणि पाजायचं. दुधातून फ्लू जात नाही, उलट त्या दुधाने बाळाला बळ मिळतं.

दुसरं, साबण. या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टण असतं. साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. म्हणून नुसत्या पाण्याने हात ओले करणं पुरेसं नाही. महागड्या साबणाची गरज नाही, कपडे धुण्याची वडीही चालते. "आमच्याकडे टँकरचं पाणी, सारखे हात कशाने धुवायचे?" असं बाया विचारतात. हात ओले करायला चार थेंब लागतात. चोळायचं ते साबणाने, नखांत, बोटांच्या बेचक्यांत, वीस आकडे मोजून. मग तांब्याभर पाण्यात दोघींचे हात धुऊन होतात.

तिसरं, वारा. आजाऱ्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून दारंखिडक्या लावून सगळे एकाच खोलीत निजलात, तर एकाचा ताप सगळ्यांना.

चौथं सगळ्यांत अवघड, विश्रांती. घरधन्याला ताप आला की तो निजतो आणि आपण काढा करतो. आपल्याला ताप आला की आपण गोळी घेऊन खुरपायला जातो. ताप अंगावर काढणं याला आपण हिंमत समजतो. पण त्या तीन-चार दिवसांत आपणच सगळ्यांचं रांधतो आणि आपल्याच मांडीवर बाळ असतं. म्हणजे बाईची विश्रांती ही चैन नाही, सगळ्या घराचा बचाव आहे. हे नवऱ्याला आणि सासूबाईंनाही ऐकवा.

बहुतेकांचा फ्लू आठवड्याभरात आपोआप बरा होतो. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, म्हणून मेडिकलमधून मनाने तशा गोळ्या आणू नका. पण धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले, मूल दूध पिईना, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईने तर या खुणांचीही वाट पाहू नये. खोकल्याबरोबर ताप आला की लगेच डॉक्टरांना दाखवावं. फ्लूवरचं खास औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. फ्लूची लसही असते, ती दरवर्षी घ्यावी लागते. गरोदर बाया, मधुमेहाचे आणि दम्याचे रुग्ण, म्हातारी माणसं यांच्यासाठी ती आपल्या केंद्रावर मिळते का, हे आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडा. ज्या बाईला ताप-खोकला आहे तिने बैठकीला येऊ नये, तिचा हप्ता शेजारणीने आणून द्यावा आणि तिला गैरहजेरीचा दंड लावू नये. आणि तिच्या घरी तीन दिवस आळीपाळीने भाकरी-कालवण पोहोचवावं. आपण एकमेकींना अडीअडचणीला कर्ज देतो. आजारपणात तीन दिवसांची भाकरी देणं त्याहून स्वस्त आहे, आणि तिची परतफेडही कधी ना कधी होतेच.

काळजी घ्या, आणि बाईच्या तापालाही ताप म्हणा.